यमुनापर्यटन

पूर्ण नाव: यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण
लेखक: बाबा पदमनजी
भाषा: मराठी
साहित्यप्रकार: कादंबरी (सामाजिक, ख्रिस्ती)
प्रथम प्रकाशन: १८५७
मुख्य पात्रे: यमुना, विनायक

यमुनापर्यटन ही बाबा पदमनजी यांनी लिहिलेली आणि १८५७ साली प्रसिद्ध झालेली मराठी कादंबरी आहे. मराठीतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी म्हणून तिचा उल्लेख केला जातो. भारतीय भाषांतील आरंभीच्या कादंबऱ्यांतही तिची गणना होते. यमुना या सुशिक्षित तरुणीचा सुखी संसार, पतीसह तिने केलेला प्रवास, त्या प्रवासात तिला भेटलेल्या विधवांच्या हकिकती, तिच्यावरच आलेले वैधव्य आणि अखेरीस ख्रिस्ती धर्म स्वीकारून तिने केलेला पुनर्विवाह असा या कादंबरीचा विषय आहे.

विधवांच्या प्रश्नावरील पुस्तक म्हणून कादंबरी प्रसिद्ध असली, तरी मराठीत ख्रिस्ती दृष्टिकोनातून लिहिलेली वैवाहिक प्रेमाची आरंभीची कथा म्हणूनही तिला महत्त्व आहे. शृंगारवर्णन टाळून परस्पर आदर, एकत्र वाचन, संभाषण आणि श्रद्धा यांवर उभे राहिलेले तरुण पतिपत्नींचे नाते तिच्या केंद्रस्थानी आहे.

शीर्षक

‘पर्यटन’ या शब्दाचा अर्थ फिरणे किंवा ठिकठिकाणी प्रवास करणे असा आहे. कादंबरीतील घटनांना जोडणारा धागा हा प्रवासच आहे. जोडशीर्षकातील ‘स्थितीचें निरूपण’ या शब्दांवरून लेखकाचा मूळ हेतू स्पष्ट होतो. गोष्ट सांगण्याबरोबरच समाजातील एका वर्गाची अवस्था वाचकापुढे पुराव्यानिशी मांडणे, हा तो हेतू होय. कथा आणि निरूपण ही दोन्ही अंगे शेवटपर्यंत एकमेकांना लागून राहतात.

पार्श्वभूमी

विधवांची स्थिती आणि १८५६ चा कायदा

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील ब्राह्मण व अन्य काही उच्चवर्णीय जातींत मुलींचे विवाह बालवयातच होत असत. पती लहानपणीच किंवा तारुण्यात मरण पावला, तर त्या मुलीला जन्मभर विधवा म्हणून राहावे लागे. केशवपन, दागिने व रंगीत वस्त्रे यांचा त्याग, एकवेळचे जेवण, मंगलकार्यातून वगळले जाणे आणि घरातील कष्टाची कामे हे तिच्या वाट्याला येई. अशा स्त्रियांवर घरातल्या किंवा शेजारच्या पुरुषांकडून अत्याचार होत, मात्र त्यातून गर्भ राहिल्यास दोष स्त्रीवरच येत असे. भ्रूणहत्या आणि आत्महत्या यांची मूळ कारणे या परिस्थितीत होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, ते याच कारणासाठी.

ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या प्रयत्नांमुळे १८५६ मध्ये हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला कायदेशीर मान्यता देणारा १५ वा कायदा संमत झाला. या कायद्याने पुनर्विवाह आणि त्यातून झालेली संतती वैध ठरली. मात्र पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क त्याच कायद्याने संपुष्टात येत असे. हा कायदा कंपनी सरकारच्या ताब्यातील प्रदेशापुरता होता. निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्याला तो लागू नव्हता. त्यामुळे आज बीड जिल्ह्यात असलेला गेवराई–चकलांबा परिसर आणि त्याला लागून असलेला अहमदनगर जिल्हा यांची भाषा व रूढी सारख्या असल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने दोन्हींकडील विधवांची स्थिती वेगळी होती.

प्रत्यक्षात कायदा असलेल्या प्रदेशातही रूढी फारशी बदलली नाही. मुंबई इलाख्यातील उच्चवर्णीयांत पुनर्विवाहाची जाहीर चळवळ विष्णुशास्त्री पंडित यांनी १८६० च्या दशकात उभी केली आणि १८६९ मध्ये घडवून आणलेल्या पुनर्विवाहावर मोठे वादळ उठले. ‘यमुनापर्यटन’ हे कायदा झाल्यानंतर पुढच्याच वर्षी आणि चळवळ उभी राहण्यापूर्वी काही वर्षे आधी प्रसिद्ध झाले. कायद्याने वाट मोकळी केली असली, तरी त्या वाटेने जाण्यास कोणीच तयार नाही, अशा काळात ती लिहिली गेली.

मिशन शाळा आणि मराठी मुद्रण

अमेरिकन मिशनने १८२० च्या दशकात मुंबईत मुलींसाठी शाळा सुरू केल्या. पुढे अहमदनगर हे त्या मिशनचे महत्त्वाचे केंद्र झाले. १८४२ मध्ये तेथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळा मुंबईत होत्या. १८४८ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात मुलींची शाळा काढली. या सर्वांमुळे मराठी वाचू शकणाऱ्या मुलींचा एक लहान, पण नवा वर्ग तयार होऊ लागला.

या वाचकांसाठी योग्य गद्य पुस्तके मात्र थोडी होती. पोथ्या, बखरी, नीतिकथा आणि इंग्रजीवरून केलेली भाषांतरे हेच मुख्य वाचन होते. जॉन बन्यन यांच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ या रूपककथेचे हरी केशवजी यांनी केलेले ‘यात्रिकक्रमण’ हे भाषांतर १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. प्रवास करणारा श्रद्धाळू माणूस, वाटेत भेटणारी माणसे आणि प्रत्येक भेटीतून मिळणारा बोध हा आकृतिबंध त्यामुळे मराठी ख्रिस्ती वाचकांना परिचित झाला होता.

लेखक

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचा जन्म बेळगाव येथे कासार जातीच्या धार्मिक कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण बेळगाव येथील मिशनच्या शाळेत आणि नंतर मुंबईत फ्री चर्चच्या संस्थेत झाले. जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेशी त्यांचा काही काळ संबंध होता. १८५४ मध्ये बेळगाव येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी धर्मोपदेशक, संपादक, कोशकार आणि ग्रंथकार म्हणून काम केले.

त्यांच्या नावावर शंभरांहून अधिक लहानमोठी पुस्तके आहेत. मोल्सवर्थ यांच्या मराठी–इंग्रजी कोशाची संक्षिप्त आवृत्ती, ‘शब्दरत्नावली’ हा शब्दसंग्रह आणि ‘अरुणोदय’ (१८८८) हे आत्मचरित्र ही त्यांची विशेष परिचित पुस्तके होत. स्त्रीशिक्षणाच्या बाजूने त्यांनी ‘स्त्रीविद्याभ्यास निबंध’ (१८५२) हा निबंध धर्मांतराच्या आधीच लिहिला होता. स्त्रियांच्या स्थितीविषयीची त्यांची आस्था धर्मांतरातून निर्माण झाली नव्हती, ती त्यापूर्वीची होती, हे यावरून दिसते. ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते, म्हणजे आपल्या नायक-नायिकेपेक्षा फार मोठे नव्हते.

कथानक

यमुना ही मिशनच्या शाळेत शिकलेली हिंदू तरुणी आहे. तिचा पती विनायक हाही सुशिक्षित आणि सुधारणेच्या विचारांचा आहे. दोघांच्या मनाचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे आहे, परंतु त्यांनी उघडपणे धर्मांतर केलेले नाही. घरातील रूढींचा जाच आणि मनातील श्रद्धा यांतून वाट काढीत त्यांचा संसार चाललेला असतो. तिच्या परिचयातील विधवांची दुःखे यमुनेला आरंभापासून अस्वस्थ करतात.

पुढे पतिपत्नी प्रवासाला निघतात. निरनिराळ्या गावी, निरनिराळ्या जातींच्या आणि परिस्थितींच्या विधवा त्यांना भेटतात किंवा त्यांच्या हकिकती कानी येतात. कोणाचे बळजबरीने केशवपन झालेले असते, कोणी नातलगांच्या छळाला कंटाळलेली असते, कोणी फसवली गेलेली असते. प्रत्येक हकिकतीनंतर यमुना आणि विनायक यांच्यात चर्चा होते. रूढीचे समर्थन करणाऱ्यांशी वाद होतात आणि शास्त्राचा आधार, माणुसकी व ख्रिस्ती शिकवण या तिन्ही बाजूंनी प्रश्न तपासला जातो.

या प्रवासात विनायकाचा अपघाती मृत्यू होतो. आतापर्यंत इतरांच्या वैधव्याची साक्षीदार असलेली यमुना स्वतः विधवा होते. ज्या बंधनांविषयी ती बोलत आली, तीच आता तिच्यावर येऊ पाहतात. अखेर ती त्या घरातून आणि रूढीतून बाहेर पडते, ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेते आणि एका ख्रिस्ती तरुणाशी विवाह करते.

रचना

कादंबरीची रचना सैल आहे. मुख्य कथेत अनेक उपकथा गुंफल्या असून त्यांतील बहुतेक पात्रे आपली हकिकत सांगून निघून जातात. घटनांपेक्षा साक्षींची मालिका असे तिचे स्वरूप आहे. आजच्या वाचकाला ही रचना विस्कळीत वाटू शकते, परंतु तिच्यामागे हेतू आहे. एकाच विधवेची कथा सांगितली असती, तर ते तिचे वैयक्तिक दुर्दैव ठरले असते. गावोगाव तेच दुःख वेगवेगळ्या रूपांत दिसल्यामुळे दोष नशिबाचा नसून रूढीचा आहे, हा निष्कर्ष वाचकापुढे आपोआप उभा राहतो.

मुख्य कथेतील कलाटणीही याच रचनेचा भाग आहे. प्रवासाच्या पूर्वार्धात यमुनेचे सौभाग्य तिला इतर विधवांपासून वेगळे ठेवते. तिची करुणा खरी असली, तरी ती बाहेरून पाहणाऱ्याची आहे. विनायकाच्या मृत्यूनंतर हे अंतर नाहीसे होते. वाचकाने तोपर्यंत ऐकलेल्या सर्व हकिकती यमुनेच्या भवितव्याची शक्यता म्हणून त्याच्या मनात पुन्हा जाग्या होतात.

वैवाहिक प्रेमाचे चित्रण

त्या काळच्या प्रतिष्ठित कुटुंबांत तरुण पतीने दिवसाउजेडी, वडीलधाऱ्यांच्या देखत पत्नीशी बोलणे असभ्य समजले जाई. पतिपत्नींनी एकमेकांना नावाने हाक मारण्याची पद्धत नव्हती. अशा काळात पत्नीबरोबर प्रवास करणारा, तिच्याशी सामाजिक व धार्मिक प्रश्नांवर चर्चा करणारा आणि तिचे मत ऐकून घेणारा नायक ही मराठी वाचकांसाठी नवी कल्पना होती. यमुना आणि विनायक यांचे प्रेम लावण्यवर्णनातून किंवा विरहाच्या प्रसंगांतून व्यक्त होत नाही, तर सोबत आणि संवाद यांतून होते.

या चित्रणात काही गोष्टी ठळकपणे दिसतात. पहिली म्हणजे, प्रेम विवाहाच्या आत आहे आणि ते जडलेले नसून वाढलेले आहे. नायक-नायिकांचा विवाह त्यांच्या निवडीने झालेला नाही, तरी त्या विवाहाला ते स्वतः अर्थ देतात. दुसरी म्हणजे, मुलीचे शिक्षण हे या प्रेमाचे साधन आहे. यमुना वाचू आणि विचार करू शकते, म्हणूनच ती विनायकाची सहचारिणी होऊ शकते. शिकलेली मुलगी विधवा होते किंवा बिघडते, असा समज तेव्हा प्रचलित होता. त्याला हे अप्रत्यक्ष उत्तर होते. तिसरी म्हणजे, दोघांची श्रद्धा समान आहे. जाहीर धर्मांतर न करता दोघांनी मनात जपलेला विश्वास हे त्यांच्यातील जवळिकीचे मोठे कारण आहे.

यमुनेचा दुसरा विवाह मात्र पहिल्या सहजीवनाइतक्या तपशिलाने रंगवलेला नाही. कादंबरीच्या हेतूच्या दृष्टीने त्याचे असणेच पुरेसे आहे. पहिल्या पतीवर मनापासून प्रेम केलेली स्त्री त्याच्या मृत्यूनंतर पुन्हा विवाह करू शकते आणि त्यामुळे पहिले प्रेम खोटे ठरत नाही, हे विधान १८५७ च्या मराठी वाचकासाठी धक्कादायक होते. पुनर्विवाहाच्या विरोधकांचा मुख्य आक्षेप पातिव्रत्याच्या कल्पनेवर आधारलेला होता. कादंबरीने त्या आक्षेपाला शास्त्रार्थाबरोबरच एका निष्ठावान पत्नीच्या आयुष्यातून उत्तर दिले आहे.

धर्मांतराचा प्रश्न

कादंबरीतील सर्वांत वादग्रस्त भाग तिचा शेवट आहे. हिंदू समाजात राहून यमुनेला सन्मानाने जगता येणार नाही, असा कथेचा निष्कर्ष आहे आणि त्यावर धर्मांतर हा उपाय सुचविला आहे. मिशनच्या प्रचारासाठी सामाजिक प्रश्नाचा उपयोग केला, असा आक्षेप या शेवटावर घेता येतो. विधवांच्या हकिकती वास्तव असल्या, तरी त्यांवरचा तोडगा लेखकाने आधीच ठरवून ठेवला होता, असे म्हणण्यास जागा आहे.

दुसरीकडे, १८५७ मधील परिस्थितीत यमुनेपुढे दुसरा कोणता मार्ग होता, हाही प्रश्न उरतो. कायदा झाला होता, पण विधवेशी विवाह करण्यास तयार असलेला वर, तो लावणारा पुरोहित आणि त्यानंतर त्यांना आपले म्हणणारी जात यांपैकी काहीच उपलब्ध नव्हते. ख्रिस्ती समाज हा पुनर्विवाहाला धार्मिक आडकाठी नसलेला आणि तिला आश्रय देऊ शकणारा समाज होता. धर्मांतरितांच्या वारसाहक्कास संरक्षण देणारा कायदाही १८५० मध्ये झाला होता. तथापि धर्मांतराची किंमत मोठी होती. आईवडील, सासर, जात आणि गाव हे सर्व एका दिवसात तुटत असे. स्वतः लेखकाने ती किंमत तीन वर्षांपूर्वी मोजली होती.

कादंबरीचा शेवट मराठी समाजातील पुढच्या वादाची पूर्वसूचनाही ठरला. पंडिता रमाबाई यांनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथील काही विधवा ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याच्या बातम्यांनी १८९३ मध्ये पुण्यात मोठी खळबळ उडाली आणि अनेक पालकांनी मुलींना काढून घेतले. त्याच वर्षी शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला. म्हणजे यमुनेपुढे नसलेला हिंदू समाजांतर्गत पुनर्विवाहाचा मार्ग आणि तिने स्वीकारलेला धर्मांतराचा मार्ग, हे दोन्ही छत्तीस वर्षांनी एकाच संस्थेच्या इतिहासात एकत्र आले.

भाषा

कादंबरीचे निवेदन त्या काळच्या शिक्षित मराठीत आहे. धर्मचर्चेच्या भागात संस्कृत शब्दांचा भरणा आणि उपदेशाचा सूर जाणवतो. स्त्रियांच्या संवादांत मात्र भाषा बदलते. घरगुती शब्द, म्हणी, उपरोध आणि बोलीतील लकबी यांमुळे अनेक प्रसंग जिवंत झाले आहेत. कोशकाराचा शब्दांवरील अधिकार आणि उपदेशकाची श्रोत्यांशी बोलण्याची सवय, या दोन्हींचा लाभ या गद्याला झाला आहे. शिळाप्रेसवर छापलेल्या पोथ्या आणि भाषांतरित नीतिकथा यांच्या तुलनेत हे गद्य बोलत्या माणसाच्या जवळचे आहे.

वाचकवर्ग

कादंबरीची नायिका ही तिच्या अपेक्षित वाचकवर्गाची प्रतिनिधी आहे. मिशन शाळांत शिकलेल्या मुली, नव्या शिक्षणातून पुढे आलेले तरुण आणि आरंभीच्या ख्रिस्ती कुटुंबांतील मंडळी यांना ती उद्देशून आहे. अशा पुस्तकांनी दोन अटी पाळणे अपेक्षित होते. घरात मोठ्याने वाचता येईल इतकी त्यांची भाषा सभ्य असावी आणि वाचणाऱ्याला त्यातून वर्तनाचा धडा मिळावा. विधवांच्या लैंगिक शोषणासारखा विषय हाताळतानाही ‘यमुनापर्यटन’ ही मर्यादा पाळते. अत्याचाराचा उल्लेख येतो, पण त्याचे वर्णन रंजनासाठी होत नाही.

तरुण वाचकांच्या दृष्टीने कादंबरीचे वेगळेपण असे की, ती त्यांना आज्ञाधारकपणा शिकवत नाही. त्या काळातील बहुतेक बोधकथांत वडीलधाऱ्यांचे ऐकणारे मूल हे आदर्श मूल असे. यमुना आणि विनायक हे सदाचारी आहेत, परंतु आपल्या वडिलांच्या पिढीची रूढी चूक आहे असे मानणारे आणि तसे बोलणारे आहेत.

पहिली मराठी कादंबरी

‘यमुनापर्यटन’ला पहिली मराठी कादंबरी म्हणावे की नाही, याविषयी दोन मते आहेत. ज्यांच्या मते कादंबरीला सुसंगत कथानक आणि विकसित होणारी पात्रे आवश्यक आहेत, ते लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) या अद्भुतरम्य कादंबरीकडे बोट दाखवतात. ‘यमुनापर्यटन’ हे कथेच्या रूपातील निबंध आहे, असा त्यांचा आक्षेप असतो. याउलट समकालीन समाज, सामान्य माणसे आणि ओळखीचा भूप्रदेश हे कादंबरीचे मुख्य लक्षण मानणारे ‘यमुनापर्यटन’लाच अग्रमान देतात.

भालचंद्र नेमाडे यांनी आरंभीच्या मराठी कादंबरीतील तीन प्रवृत्तींची मांडणी करताना वास्तववादी प्रवृत्तीचा उगम ‘यमुनापर्यटन’मध्ये, कल्पनारम्य प्रवृत्तीचा ‘मुक्तामाला’मध्ये आणि ऐतिहासिक प्रवृत्तीचा रा. भि. गुंजीकर यांच्या ‘मोचनगड’ (१८७१) मध्ये पाहिला आहे. या मांडणीनंतर कादंबरीची चर्चा केवळ ‘पहिली कोणती’ या प्रश्नापुरती मर्यादित राहिली नाही.

‘यमुनापर्यटन’नंतर लगेच तिच्या मार्गाने जाणाऱ्या कादंबऱ्या निर्माण झाल्या नाहीत. पुढील दोन दशके राजपुत्र, राजकन्या, वियोग आणि पुनर्मीलन यांच्या अद्भुत कथांनी वाचकांना गुंतवून ठेवले. मध्यमवर्गीय घरातील स्त्रीचे दुःख हा विषय मराठी कादंबरीत पुन्हा समर्थपणे आला तो हरी नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीत. तिच्या नायिकेचेही नाव यमुना आहे, तीही सुशिक्षित पतीबरोबर काही काळ सुखाचा संसार करते आणि तिलाही तारुण्यात वैधव्य येते. मात्र आपट्यांची यमुना केशवपनाच्या अत्याचारातून सुटत नाही आणि तिचा शेवट मृत्यूत होतो. पहिल्या यमुनेला समाजाबाहेर पडून जगता आले, दुसरी समाजात राहिली आणि जगली नाही. या दोन शेवटांची तुलना अभ्यासकांना उद्बोधक ठरते.

ख्रिस्ती कथापरंपरेतील स्थान

भारतीय भाषांतील आरंभीच्या कादंबऱ्यांत ख्रिस्ती लेखकांचा वाटा लक्षणीय आहे. हॅना कॅथरिन म्युलेन्स यांचे बंगाली ‘फुलमणी ओ करुणार बिबरण’ (१८५२) हे बंगाली ख्रिस्ती स्त्रियांच्या कौटुंबिक जीवनावरील पुस्तक अनेक भारतीय भाषांत गेले. मल्याळम भाषेत ‘घातकवधम्’ (१८७७) हे कॉलिन्स दांपत्याशी संबंधित पुस्तक प्रसिद्ध झाले. या पुस्तकांच्या तुलनेत ‘यमुनापर्यटन’ची दोन वैशिष्ट्ये आहेत. तिचा लेखक परदेशी मिशनरी नसून याच समाजात वाढलेला होता आणि तिचा मुख्य विषय ख्रिस्ती घराची शिस्त नसून हिंदू घरातील अन्याय हा होता.

महाराष्ट्रात या परंपरेची पुढील वाटचाल मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत झाली. अहमदनगर येथे धर्मांतरित ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या कृपाबाई सत्यनाथन (१८६२–१८९४) यांनी ‘सगुणा’ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी इंग्रजीत लिहिली. एका मराठी ख्रिस्ती मुलीचे शिक्षण, तिची महत्त्वाकांक्षा आणि समविचारी तरुणाशी तिचा विवाह हा तिचा विषय आहे. शेवंतीबाई निकंबे यांच्या ‘रतनबाई’ (१८९५) या इंग्रजी पुस्तकात लग्नामुळे शिक्षण थांबलेल्या हिंदू मुलीची कथा आहे.  लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे कादंबरी नसून आत्मचरित्र आहे. तथापि पतीच्या धर्मांतराने दुरावलेल्या आणि नंतर पुन्हा एकत्र आलेल्या पतिपत्नींच्या नात्याचे इतके खरे चित्रण या परंपरेतील कोणत्याही कल्पित कथेत आढळत नाही.

नंतरच्या ख्रिस्ती प्रेमकादंबरीशी तुलना

विसाव्या शतकात इंग्रजीत तरुण वाचकांसाठी सात्त्विक ख्रिस्ती प्रेमकादंबरी हा स्वतंत्र प्रकार रूढ झाला. अमेरिकेत ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल (१८६५–१९४७) यांनी अशा अनेक कादंबऱ्या लिहिल्या. कॅनेडियन लेखिका जॅनेट ओक यांची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ (१९७९) ही कादंबरी या प्रकाराला मोठा वाचकवर्ग मिळवून देणारी ठरली. तिची नायिका प्रवासात अपघाताने पती गमावलेली तरुणी आहे. ती पुन्हा विवाह करते आणि त्या संसारात तिला प्रेम आणि श्रद्धा या दोन्हींचा लाभ होतो.

प्रवास, पतीचा अपघाती मृत्यू, तरुण विधवा, श्रद्धा आणि दुसरा विवाह हे सर्व घटक ‘यमुनापर्यटन’मध्ये एकशे बावीस वर्षे आधी आलेले आहेत. या दोन पुस्तकांत परस्परसंबंध नाही, परंतु त्यांतील फरक लक्षणीय आहे. ओक यांच्या कथेत विधवेने पुन्हा लग्न करणे ही समाजाला मान्य असलेली गोष्ट आहे आणि संघर्ष नायिकेच्या मनात आहे. यमुनेच्या कथेत नायिकेचे मन स्पष्ट आहे आणि संघर्ष समाजाशी आहे. एकीकडे दुसरा विवाह हा कथेचा आरंभ आहे, तर दुसरीकडे तो मिळवण्यासाठी संपूर्ण कथा खर्ची पडते.

मूल्यमापन

बोधवाद, लांबलेल्या चर्चा, काळ्या-पांढऱ्या रंगांतील पात्रे आणि आधीच ठरलेला शेवट हे ‘यमुनापर्यटन’चे दोष सर्वमान्य आहेत. विनायक हा माणूस असण्यापेक्षा आदर्श पतीचा नमुना वाटतो आणि हिंदू धर्मपरंपरेतील सुधारणेच्या शक्यतांना कादंबरीत पुरेशी जागा मिळत नाही.

असे असले तरी ज्या काळी विधवेने घरातही मोठ्याने बोलू नये अशी अपेक्षा होती, त्या काळी या कादंबरीने अनेक विधवांना त्यांच्या स्वतःच्या शब्दांत बोलते केले. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) हा निबंध येण्यास त्यानंतर पंचवीस वर्षे लागली. सुशिक्षित पत्नी, तिच्याशी बोलणारा पती आणि पुन्हा संसार करण्याचा विधवेचा हक्क या तीन कल्पना मराठी कथेत एकत्र आणण्याचे श्रेय ‘यमुनापर्यटन’कडे जाते. विधवापुनर्विवाह, स्त्रीशिक्षण, मराठी गद्याचा विकास आणि महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास अशा विविध विषयांचे अभ्यासक आजही या कादंबरीचा आधार घेतात.

हेही पहा

बाबा पदमनजी
मराठी कादंबरी
मुक्तामाला
पण लक्षात कोण घेतो!
पंडिता रमाबाई
विष्णुशास्त्री पंडित
लक्ष्मीबाई टिळक
ज्ञानोदय